ब्लॉगला चित्र हवंय? एआयला सांगण्याआधी हे ऐका

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी आहे. पण तुम्ही लिहीत नसाल, मोबाईलवर नुसतं वाचत असाल, तरी तुमच्या कामाचा आहे. लेखासोबत टाकायला एक चित्र लागतं. ते आता एआयकडून अर्ध्या मिनिटात, बहुतेक वेळा फुकटात मिळतं. मग वापरावं का? कुठे चालेल, कुठे नाही?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एआयची टूल्स कामात रोज वापरतो. त्यामुळे एआय म्हणजे संकट वगैरे भाषण मी देणार नाही. पण हे मशीन आतून कसं चालतं ते थोडंफार माहीत असल्यामुळे, काही ठिकाणी त्याचं चित्र वापरूच नये असं माझं ठाम मत झालंय. ते मत यवतमाळ जिल्ह्याची उदाहरणं घेऊन सांगतो. गेटवे ऑफ इंडियाचे अगणित फोटो नेटवर पडलेत, तिथे मॉडेल सहज पास होतं. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी असं लिहिलं की त्याची खरी परीक्षा सुरू होते.

चित्र लागतंच कशाला?

आधी ब्लॉगवाल्यांची बाजू समजून घेऊ. तुम्ही लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकता तेव्हा खाली एक छोटं कार्ड दिसतं: चित्र, शीर्षक, एक ओळ. चित्र नसेल तर ते कार्ड बोडकं दिसतं आणि लोक पुढे सरकतात. म्हणजे चित्र ही हौस नाही, लेख वाचला जाण्याची ती पहिली पायरी आहे.

पूर्वी लोक काय करायचे? गूगल इमेजेस उघडायचे, पहिला बरा फोटो उचलायचे. तो कोणी काढला, परवानगी आहे का, कोणी विचारायचं नाही. ती चोरीच होती, गोड शब्दांत सांगायची गरज नाही. स्टॉक फोटोंच्या साइटवर पैसे लागतात, आणि गावाकडच्या पोराला डिझायनर परवडत नाही. अशा वेळी एआय आलं. कोणाचा फोटो चोरायला नको, पैसे नकोत, वाट बघायला नको. त्यामुळे एखाद्यानं ते वापरलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त मशीननं हातात काय दिलंय ते नीट बघायला सांगेन.

कापूस वेचणारी बाई

मी दोन-तीन टूल्सवर एकच गोष्ट लिहून पाहिली: "यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणारी शेतकरी महिला". मराठीत लिहिली, इंग्रजीतही लिहिली. चित्रं आली ती बघण्यासारखी होती. सुंदर प्रकाश, हसरा चेहरा, अंगावर लखलखीत साडी, नाकात नथ, हातात वेताची टोपली. मागे डोंगर. आणि शेत कसं? पांढरंशुभ्र. हिरवं पान औषधालाही नाही.

आता आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत वावरात जाऊन बघा. बाईनं साडीवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घातलेला असतो, कारण पऱ्हाटी हाताला ओरबाडते आणि ऊन लागतं. डोक्याला रुमाल नाहीतर दुपट्टा. हातात टोपली नसते, कमरेला कापड बांधून त्याची ओटी केलेली असते. दोन्ही हात मोकळे हवेत, कारण वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. ओटी भरली की धुऱ्याजवळ जाऊन रिकामी करायची आणि पुन्हा ओळीत शिरायचं. पऱ्हाटीवर एकाच वेळी फुटलेली बोंडं, हिरवी बोंडं, वाळकी पानं, हिरवी पानं असं सगळं असतं, म्हणून एकाच शेतात दोन-तीन वेळा वेचा करावा लागतो.

मग ते पांढरंशुभ्र शेत आलं कुठून? ते बहुधा अमेरिकेतून आलं असावं. तिथे कापूस मशीननं काढतात. मशीन चालवण्याआधी रसायन फवारून झाडाची पानं गाळतात, म्हणजे कापसात पाला येत नाही. त्यामुळे काढणीच्या वेळी शेत खरंच पांढरं दिसतं. म्हणजे चेहरा भारतीय, साडी लग्नातली, टोपली चहाच्या मळ्यातल्यासारखी आणि शेत टेक्सासचं. हे सगळं एका चौकटीत, खाली नाव यवतमाळचं.

मशीन असं का करतं?

यात मॉडेलचा कसला कट नाही. ते शिकलंय कसं, ते बघितलं की कळतं. अशा मॉडेलला शिकवताना चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा जोड्या दाखवतात. एक नावाजलेला खुला डेटासेट आहे, लायन-५बी, २०२२ चा. त्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत, सगळ्या इंटरनेटवरून गोळा केलेल्या. त्यातल्या २३० कोटींहून जास्त एकट्या इंग्रजीतल्या. इंग्रजी सोडून शंभरावर भाषा मिळून तेवढ्यातच. त्या शंभरात आपली मराठी किती असेल, अंदाज करा. त्यात पुन्हा वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसानं स्वतःच्या वावराचा फोटो काढून खाली "सीतादही, पहिला वेचा, नोव्हेंबर" असं लिहून टाकलंय, अशा किती जोड्या सापडतील?

आता मॉडेल चित्र बनवतं ते असं. आधी टीव्हीवर मुंग्या येतात तसा नुसता ठिपक्यांचा गोंधळ घेतं. मग तुमच्या शब्दांकडे बघत तो गोंधळ पायरी-पायरीनं कमी करतं. प्रत्येक पायरीला त्याचा अंदाज असा असतो: "या शब्दांसोबत मी आजवर जे बघितलंय, त्यात इथे साधारण काय असतं?" "शेतकरी" या शब्दासाठी त्याच्याकडे ढिगानं सामान आहे. "यवतमाळ" या शब्दासाठी जवळजवळ काहीच नाही. पण "मला माहीत नाही" असं म्हणून ते चित्राचा तो कोपरा रिकामा सोडत नाही. जिथे माहिती नाही तिथे सरासरी भरतं. आणि सरासरी भरलेला कोपरा तितकाच स्वच्छ, तितकाच चकचकीत दिसतो. बघणाऱ्याला माहिती कुठली आणि भरती कुठली, हे कळायला काही मार्ग नाही.

"रेस्ट ऑफ वर्ल्ड" या प्रकाशनानं २०२३ मध्ये मिडजर्नीवर ३००० चित्रं बनवून बघितली होती. "भारतीय माणूस" असं सांगितलं की जवळजवळ दरवेळी दाढीवाला म्हातारा यायचा. एकशे चाळीस कोटींच्या देशाचा एकच चेहरा. मग यवतमाळच्या कोलामांचं काय होणार? महाराष्ट्रात सरकारनं जे तीन आदिम आदिवासी गट मानलेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम, त्यातल्या कोलामांची मोठी वस्ती आपल्या जिल्ह्यात आहे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. मी टूलला "कोलाम पोड" सांगितलं, तर डोक्यात पिसं खोवलेली माणसं आणि पेटलेली शेकोटी आली. पोडावरची पोरं जीन्स घालतात, हातात मोबाईल असतो, त्यातली काही कदाचित हाच भाग ऐकत असतील. त्यांनी स्वतःच्या नावाखाली ती पिसं बघायची का?

"सजावट तर आहे, एवढं काय?"

बरेच जण इथे म्हणतील, अरे, लेखात मजकूर खरा आहे ना? चित्र तर नुसतं शोभेला. टोपली असली काय नि ओटी असली काय.

मग एक उदाहरण घेऊ. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. देशभर बातम्या झाल्या. असं का झालं, त्याची कारणं बरीच होती, पण एक कारण नुसत्या डोळ्यांना दिसणारं होतं. त्या वर्षी पऱ्हाटी वाढली होती पुरुषभर उंच. एरवी फवारणारा माणूस नळी खाली धरतो आणि औषध कमरेखाली पडतं. त्या वर्षी नळी तोंडासमोर, डोक्याच्या वर धरावी लागत होती. औषधाचा तुषार परत तोंडावर, डोळ्यांत, छातीवर येत होता. अंगात साधा शर्ट, तोंडाला फार तर रुमाल.

आता यावर लेख लिहून तुम्ही एआयला "कापसावर फवारणी करणारा शेतकरी" सांगा. मला जी चित्रं मिळाली त्यात पीक गुडघ्याएवढं होतं, माणूस ताठ उभा आणि तुषार छान खाली पडतोय. एकात तर मास्क आणि हातमोजेसुद्धा होते. चित्र म्हणून काहीच वावगं नाही. पण ती माणसं ज्यामुळे गेली तीच गोष्ट चित्रातून पुसली गेली. चित्र बघून कोणालाही वाटेल की असं फवारताना माणूस मरतो कसा? त्याचीच काहीतरी चूक असणार. तुमचा मजकूर एक सांगतो आणि वर लावलेलं चित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. आणि लोक आधी चित्र बघतात.

म्हणून मी म्हणतो, खऱ्या घटनेवरच्या लेखात चित्र हे शोभेचं नसतं. तुम्ही तसं ठरवलंत तरी वाचक ते साक्ष म्हणूनच बघतो.

फोटो म्हणजे पुरावा, हे शेतकऱ्याला माहीत आहे

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी वावरात उभा राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढतो, ती नोंद सातबाऱ्यावर चढते. गारपीट झाली, अतिवृष्टी झाली, तर पंचनाम्याला फोटो लागतो. म्हणजे ज्याला आपण अडाणी समजतो त्या माणसाचा हक्क आज मोबाईलच्या फोटोवर टांगलेला आहे. फोटोवर विश्वास असणं ही त्याच्यासाठी पोटाची गोष्ट आहे.

अशा वेळी आपण ब्लॉगवर, इन्स्टावर आडव्या झालेल्या सोयाबीनची एआय चित्रं टाकत सुटलो तर काय होईल? दोन-चार वेळा कोणीतरी पकडेल, "हे तर एआय आहे" म्हणेल. पाचव्या वेळी खऱ्या शेतकऱ्यानं खऱ्या नुकसानीचा फोटो टाकला, तरी खाली तीच कमेंट येईल. खोट्या चित्राचं नुकसान असं खऱ्या फोटोच्या मालकाला भरावं लागतं.

वाघाचंही तसंच. २०२५ च्या शेवटी एक व्हिडिओ फिरला: पेंचजवळ रात्री एक दारू प्यालेला माणूस रस्त्यावर वाघाला कुरवाळतोय. तो एआयचा निघाला. हसून सोडून देऊ, पण आपल्या जिल्ह्यात वाघ ही हसण्याची गोष्ट नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१, म्हणजे अवनी वाघीण, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. तिला मारणं बरोबर की चूक, यावर अजून वाद होतो. पण १३ माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं, आणि त्या काळात लोक वावरात जायला घाबरत होते. अशा गावांच्या ग्रुपवर "आज आपल्या शिवारात" म्हणून एआयचा वाघ पडला तर दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. खऱ्या वाघाचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, वन विभाग फोटोवरून हा वाघ कोणता ते ओळखतो. एआयच्या वाघाला पट्टे असतात, ओळख नसते.

"पण आम्हाला चेहरा लपवायचा होता"

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. कोणी म्हणेल, मी दुःखात असलेल्या माणसाबद्दल लिहितोय. त्याचा खरा फोटो टाकणं बरं नाही. म्हणून एआयचा चेहरा वापरला, त्यात वाईट काय? हेतू चांगला आहे, मान्य.

पण हाच हेतू एका मोठ्या संस्थेला महागात पडलाय. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नॉर्वे शाखेनं दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातल्या २०२१ च्या आंदोलनांवर लिहिताना एआयची चित्रं टाकली. कारण तेच, आंदोलकांचे चेहरे उघड होऊ नयेत. चित्रावर बारीक अक्षरात "एआयनं बनवलेलं" असंही लिहिलं होतं. तरी टीका झाली आणि चित्रं काढून टाकावी लागली. एका चित्रात देशाच्या झेंड्याचे रंगच चुकीच्या क्रमानं होते. म्हणजे ज्या संस्थेचं सगळं वजन "आम्ही खरं काय ते नोंदवतो" यावर आहे, तिनंच न घडलेलं दृश्य दाखवलं. मग खरा अत्याचार नाकारणाऱ्याला आयतंच कोलीत मिळतं: यांचे फोटो असलेच असतात!

आणि चेहरा लपवायला एआयच लागतं असं कोण म्हणतं? हातांचा फोटो काढा. पाठमोरा काढा. धुऱ्यावर ठेवलेल्या रिकाम्या पंपाचा काढा. दोरीवर वाळत घातलेल्या, फवारणीच्या शर्टाचा काढा. अशा फोटोत माणसाची लाज राखली जाते आणि गोष्टही खरी राहते.

अजून एक. "शेतकरी विधवा" असं टूलला सांगून बघा. भेगाळलेली जमीन, पांढरी साडी, डोळ्यांत पाणी. आता खरा प्रसंग सांगतो. जानेवारी २०१९, यवतमाळ, ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. त्याचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. मोठमोठ्या लेखकांसमोर, माईकवर उभं राहून त्या स्वतःच्या भाषेत बोलल्या. तो फोटो बघा आणि एआयचं चित्र बघा. एकात बाई बोलतेय, दुसऱ्यात नुसती रडतेय.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. ही रडकी चित्रं एआयनं शोधून काढली नाहीत. कपाळाला हात लावून भेगाळ जमिनीवर बसलेला, आभाळाकडे बघणारा शेतकरी आपल्या वर्तमानपत्रांनी, पोस्टरांनी वर्षानुवर्षं छापला. मशीन आपल्याकडूनच शिकलं. आपण जे शंभरदा केलं, ते आता कोटी वेळा होणार आहे, एवढाच फरक.

जुने फोटो: इथे तर हातच लावू नका

इतिहासावर लिहिणाऱ्यांना खास सांगतो. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला. आता यावर ब्लॉग लिहिताना "१९३०, पुसद, सत्याग्रह, कृष्णधवल फोटो" असं सांगितलं की एआय पिवळट कागद, ओरखडे, कोपऱ्यात डाग, सगळं घालून एक फोटो देतं. तो फोटो तुमच्या लेखातून गूगलवर जातो, तिथून एमपीएससीच्या नोट्समध्ये, तिथून एखाद्या शाळेच्या भिंतीवर. दहा वर्षांनी कोणी विचारलं की हा फोटो कुठला, तर कोणाला सांगता येणार नाही. आणि एखाद्या घरात ट्रंकेत खरा फोटो पडलेला असेल, तर तोच खोटा वाटायला लागेल, कारण तो नेटवरच्यासारखा दिसत नाही.

आपली शकुंतला घ्या. पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर धावायची ती नॅरो गेज गाडी, रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. म्हणजे ती गाडी डोळ्यांनी बघितलेली, तिच्यातून प्रवास केलेली माणसं आज तुमच्या घरात आहेत. कोणाकडे तरी अल्बममध्ये फोटो असेल. एआयला सांगितलं तर ते दार्जिलिंगसारखी डोंगरातली गाडी देईल. तुम्ही काकांना, आजोबांना विचारलं तर कदाचित खरी मिळेल. फोटो नाहीच मिळाला तर सरळ लिहा: "या प्रसंगाचा फोटो मिळाला नाही." आणि त्याजागी एक साधा नकाशा काढून टाका. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवण्यात कसला कमीपणा?

मग एआय वापरायचं कुठे?

भरपूर ठिकाणी. लहान मुलांसाठी गोष्ट लिहिलीत, त्यात बोलणारा कोल्हा आहे, खुशाल वापरा. विज्ञानकथा आहे, वापरा. "परीक्षेचं टेन्शन" असल्या विषयावर लेख आहे आणि डोक्यातून धूर निघणारं कार्टून हवंय, वापरा. तिथे कोणी चित्राला पुरावा समजत नाही. फक्त चित्रातली मराठी अक्षरं तपासा, जोडाक्षरांची अजून वाट लागते. ती नंतर स्वतः टाइप करून बसवलेली बरी.

मी स्वतः चित्र टाकण्याआधी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

एक: या चित्रात खरी जागा, खरी माणसं किंवा खरी घटना दाखवल्याचा भास होतोय का?

दोन: वाचकानं हे खरं मानलं तर कोणाचं नुकसान होईल? रुग्णाचं, शेतकऱ्याचं, एखाद्या समाजाचं?

तीन: हे चित्र लेखापासून तुटून एकटं व्हॉट्सॲपवर फिरलं, तर काय अर्थ निघेल?

पहिल्याचं उत्तर "हो" आलं तर एआय बाजूला ठेवा. बाकी वेळी वापरा, पण "कल्पनाचित्र, एआयनं बनवलेलं" हे चित्रावरच लिहा. खाली कॅप्शनमध्ये लिहून भागत नाही, कारण फॉरवर्ड होताना चित्र जातं आणि कॅप्शन मागे राहते. सरकारनंही फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियम बदलून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एआय मजकुराला लेबल सक्तीचं केलंय. पण नियमाच्या धाकानं लेबल लावण्यापेक्षा वाचकाच्या मानासाठी लावा.

आणि खरा फोटो आणायचा कुठून?

तुमच्या खिशात कॅमेरा आहे. दहा हजारांच्या फोनचा कॅमेराही ब्लॉगसाठी पुरून उरतो. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा, उजेड चांगला असतो. फोन आडवा धरा, म्हणजे लिंकच्या कार्डात नीट बसतो. माणसाचा फोटो असेल तर आधी विचारा, कशासाठी काढतोय ते सांगा, काढल्यावर दाखवा. "नको" म्हणाली तर नको. घराजवळ काढला असेल तर टाकण्याआधी फोटोतलं लोकेशन काढून टाका.

स्वतः जाता येत नसेल तर विकिमीडिया कॉमन्स आहे. तिथले फोटो वापरता येतात, फक्त प्रत्येक फोटोखाली लायसन्स लिहिलेलं असतं ते वाचा. बहुतेकांत छायाचित्रकाराचं नाव देणं ही अट असते. नाव द्या, काही बिघडत नाही. आणि तिथे यवतमाळचे फोटो कमी वाटले तर तुम्हीच टाका. खाली मराठीत नीट लिहा: काय आहे, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल, आठवडी बाजार, जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, सीतादहीचा नैवेद्य. तुम्हाला ते रोजचं वाटतं, म्हणून तर कोणी फोटो काढत नाही.

याचं एक तांत्रिक कारणही आहे. २०२४ मध्ये "नेचर"मध्ये एक संशोधन आलं. मॉडेलला पुन्हा पुन्हा मॉडेलनंच बनवलेला माल खाऊ घातला तर ते बिघडत जातं, आणि सगळ्यात आधी विसरतं ते दुर्मीळ गोष्टी. सरासरी तेवढी उरते. आता विचार करा, इंटरनेटच्या हिशोबात दुर्मीळ कोण? मुंबई नाही, ताजमहाल नाही. दुर्मीळ आहे घाटंजीचा बाजार, कोलाम पोड, ओटी बांधून वेचा करणारी बाई. आज आपण ब्लॉगवर "यवतमाळ" नावानं एआयची चित्रं टाकली, तर उद्याचं मॉडेल तीच बघून यवतमाळ शिकेल. आपल्याच हातानं आपण आपला जिल्हा खोडून काढू, आणि कोणाला कळणारही नाही, कारण चित्र छान दिसत असेल.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. लेख लिहा अगर नका लिहू, तुमच्या गावचा एक फोटो काढा, ज्यात असं काहीतरी आहे जे फक्त तिथल्याच माणसाला माहीत असतं. खाली तीन ओळी मराठीत लिहा आणि टाका. आमच्याकडेही पाठवा. पुढच्या भागांच्या ब्लॉगवर तुमच्या नावानिशी लावू. आणि हो, या भागावर लावायला कापूस वेचणीचा फोटो हवाच आहे. तोपर्यंत या लेखावर चित्र नसेल, नुसतं शीर्षक असेल. कार्ड जरा बोडकं दिसेल. दिसू द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि फवारणीला जाणारं कोणी घरात असेल तर तोंड झाकायला नक्की सांगा.